केमोनंतर रानातला मुक्काम कसा आखायचा

चोविसाव्या वर्षी मला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, झाला. केमोच्या सहा सायकल, म्हणजे बारा डोस, दर पंधरा दिवसांनी एक. शेजारच्या खाटेवर साठीच्या काकू होत्या. त्या मला नातवाच्या मुंजीचा मेन्यू सांगायच्या. कॅन्सरवाले डॉक्टर १५ ते ३९ या वयाचा गट वेगळा धरतात म्हणे, पण मुलांच्या वॉर्डात भिंतीवर जिराफ आणि मोठ्यांच्यात या काकू. आम्ही कुठेच बसत नव्हतो. म्हणून गेली चार वर्षं हिवाळ्यात कॅन्सरमधून गेलेले आम्ही सात-आठ जण राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात, एका घरी दोन रात्री राहतो. तुम्हाला असा गट काढायचा असेल तर मी ठेचा खाऊन शिकलेलं सांगते.

ट्रीटमेंट चालू असलेल्यांना नेऊ नका. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा साधा संसर्गही महागात पडतो. बाकीच्यांनी डॉक्टरांना नुसतं 'जाऊ का?' विचारायचं नाही. 'हो, जपून जा' एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: पेशी आणि प्लेटलेट किती आहेत? अ‍ॅड्रियामायसिन हे हृदयाला त्रास देऊ शकणारं केमोचं औषध झालंय, तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा करायचा का? चढ किती चालेल? मग प्रत्येकाने आजार, औषधं, रक्तगट आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेलं कार्ड खिशात ठेवायचं. माझ्या कार्डावर लाल शाईने 'ब्लिओमायसिन' लिहिलंय. हे औषध घेतलेल्याला गरज नसताना जास्त ऑक्सिजन दिला तर फुप्फुसांना इजा होऊ शकते, आणि १०८ ने आलेल्या माणसाला हे आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार?

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातलं सह्याद्रीचं हिरवंगार रूप फोटोत बघा. निसरडी वाट आणि जळवा आपल्याला परवडत नाहीत.

आधी तीन रविवार पुण्यातली वेताळ टेकडी. स्टॅमिना वाढवायला नाही, कोण किती वेळाने थांबतं ते कळायला. सगळ्यात सावकाश चालणारा पुढे, बाकीचे मागे. गड चढायचाच असेल तर चोरदरवाज्याच्या वाटेला जाऊ नका. पाली दरवाज्याची पायऱ्यांची वाट सोपी. आणि अर्ध्यातून परतलं तरी चालतं, हे निघतानाच मोठ्याने बोलून घ्या.

पहिल्या वर्षी एक घोळ झाला. आमच्यातल्या एका मुलाच्या पायांना केमोमुळे मुंग्या यायच्या, तळव्यांना नीटसं कळायचंच नाही. तो सगळ्यांबरोबर हसत खाली आला, ओट्यावर बसून बूट काढला, तर मोजा टाचेला चिकटलेला, आतून लाल. फोड येऊन फुटला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. बूट नवे होते, त्यात माझाही दोष, मीच 'चांगले घे' म्हटलं होतं. आता दर तासाला सगळ्यांनी बूट काढायचे आणि एकमेकांचे तळपाय बघायचे. सुरुवातीला मुली लाजतात, दुसऱ्या थांब्याला कुणाच्या पायाला वास येतो यावर भांडणं होतात.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या खांद्यावर जड सॅक नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. करवंदीचा ओरखडा निघाला तर लगेच साबणाने धुवा. पाणी उकळलेलंच, झरा कितीही नितळ असो. शेकोटीपासून फुप्फुसवाले लांब. ताप १००.४ झाला की क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, डॉक्टरांना फोन करून हॉस्पिटल गाठायचं. म्हणून एक गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही रात्री गावातच हवा. पैसे इथे वाचवू नका, जेवणात वाचवा. पिठलं-भाकरीवर कुणाची तक्रार नसते.

आईवडील. माझी आई पहिल्या वर्षी 'मी नुसती गाडीत बसून राहते' म्हणत होती. रोज रात्री आठला एक फोन ठरवा, आणि तो चुकवू नका.

राहिलं बोलण्याचं. मी आधी सगळ्यांना गोलात बसवून ओळख करून द्यायला लावली. प्रत्येकाने डिस्चार्ज पेपर वाचल्यासारखं सांगितलं आणि सगळे गप्प. खरं बोलणं सुरू झालं ते रात्री मोरीवर, राखेने भांडी घासताना. स्थळ आलं की कॅन्सरचं कधी सांगायचं? मूल होईल का, हे विचारलं तर? आमच्यात यावर दोन तट आहेत. एक मुलगी म्हणते, तिसऱ्या भेटीत, माणूस कसा आहे ते बघून. मी म्हणते पहिल्याच फोनवर, निदान कांदेपोह्यांचा खर्च वाचतो. ते भांडण साडेबारापर्यंत चाललं, पातेली कधीच चकचकीत झाली होती. तेव्हापासून स्वयंपाकाला मी मुद्दाम दोन पातेली जास्त काढायला लावते.