रखडलेल्या सरकारी भरतीबाबत आमदारांना निवेदन कसे लिहावे

सरकारी नोकरीसाठी आमदारांना लिहिलेल्या पत्रात 'माझी शिफारस करावी' अशी विनंती असेल, तर ते पत्र तिथेच वाया जाते. निवड गुणवत्ता यादीवरून होते, राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ ने सर्वांना समान संधी दिली आहे आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत वशिल्याचा प्रयत्न उमेदवारालाच अपात्र ठरवू शकतो. मात्र निवड यादी लागूनही नियुक्ती आदेश निघत नसतील, किंवा अनुकंपा यादी (सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्यांच्या वारसांची प्रतीक्षा यादी) पुढे सरकत नसेल, तर विलंबाचे कारण शासनाला विचारणे हे आमदारांचे कामच आहे. विधिमंडळात तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) ही साधने त्यांच्या हाती असतात, म्हणून अधिवेशनाच्या काही आठवडे आधी निवेदन द्यावे. शिक्षक भरतीचा विषय असल्यास शिक्षक मतदारसंघातील विधान परिषद सदस्यांनाही लिहावे.

निवेदन एका पानाचे असावे, कारण ते बहुधा आधी स्वीय सहायकांच्या नजरेखालून जाते. विषयाच्या ओळीत विभाग, पद आणि अडचण हे तिन्ही यावे; उदाहरणार्थ, 'जिल्हा परिषद आरोग्य सेवक भरतीतील निवड झालेल्या उमेदवारांचे प्रलंबित नियुक्ती आदेश'. संदर्भात जाहिरात क्रमांक आणि निवड यादीचा दिनांक द्यावा. पहिल्या परिच्छेदात घटनाक्रम तारखांसह मांडावा, दुसऱ्यात यापूर्वी कोणत्या कार्यालयाकडे अर्ज केला आणि काय उत्तर मिळाले ते सांगावे, आणि शेवटी एकच नेमकी मागणी करावी: 'नियुक्ती आदेश कोणत्या टप्प्यावर अडले आहेत, याची विचारणा संबंधित विभागाकडे करावी.' घरची ओढाताण खरी असते आणि ती लिहावीशी वाटणे स्वाभाविक आहे. तरीही तिला दोन ओळींपेक्षा अधिक जागा देऊ नये, कारण फाइल हलते ती क्रमांक आणि तारखांवर. अनेक उमेदवार एकाच अडचणीत असतील तर सर्वांच्या सह्यांचे एकत्रित निवेदन अधिक वजनदार ठरते.

निवड यादीची छायाप्रत जोडावी, मूळ कागदपत्रे कोणाच्याही हाती देऊ नयेत. 'साहेबांकडून काम करून देतो' असे म्हणत पैसे मागणाऱ्या माणसापासून दूर राहावे. आपल्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. आमदारांनी विभागाला पत्र पाठवले असेल, तर त्याचा जावक क्रमांक मागून घ्यावा आणि त्या पत्रावर काय कार्यवाही झाली, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विभागाला विचारावे. त्याचे उत्तर साधारणपणे ३० दिवसांत देणे बंधनकारक असते, आणि तेच उत्तर पुढच्या निवेदनाला जोडता येते.