अमेरिकेत जुनी रायफल घेताना: ऑनलाइन लिलाव की प्रत्यक्ष हातात घेऊन?

अमेरिकेतल्या लिलावाच्या साइटवर 'इशापूर' असा शोध घेतला की आपल्या ओळखीचा चेहरा समोर येतो. पोलिस ठाण्याच्या पहाऱ्यावर, बँकेच्या दारात, एनसीसीच्या कॅम्पात पाहिलेली थ्री-नॉट-थ्रीच जणू. पश्चिम बंगालमधल्या रायफल फॅक्टरी इशापूरने १९६०च्या दशकात त्याच जुन्या ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीच्या ढाच्यावर ७.६२ नाटो काडतुसासाठी २ए आणि २ए१ या रायफली बनवल्या. लष्कराने मोडीत काढल्यावर त्यातल्या बऱ्याच आयातदारांमार्फत अमेरिकेत पोचल्या. तिथे स्थायिक झालेल्या आणि नेमबाजीची किंवा जुन्या शस्त्रांची आवड असलेल्या मराठी माणसाला ती घ्यावीशी वाटणं मी समजू शकतो. म्हणून या लेखात उदाहरण तिचंच घेतो. यातलं बहुतेक सगळं दुसऱ्या कुठल्याही वापरलेल्या रायफलीला लागू पडेल.

माझं मत आधीच सांगतो. पहिली जुनी बंदूक प्रत्यक्ष बघून, हातात घेऊनच विकत घ्यावी. ऑनलाइन लिलाव चांगला, पण नळीत काय बघायचं हे डोळ्यांना कळायला लागल्यानंतर.

सगळ्यात आधी: तुम्हाला घेता येते का?

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात का हे मित्राला विचारून ठरवायचं नसतं. त्यासाठी वकील गाठावा. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही 'बाळगणं' ठरू शकतं. इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही. फौजदारी खटला होतो आणि इमिग्रेशनचं सगळं प्रकरण धोक्यात येतं. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही व्हिसाची अट नाही.

वयाची अटही आहे. परवानाधारक दुकानदाराकडून रायफल किंवा शॉटगन घ्यायला किमान १८ वर्षं, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरला २१.

त्यानंतर राज्याचा कायदा. न्यू जर्सीत रायफल घ्यायच्या आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट काढावं लागतं. इलिनॉयमध्ये फॉइड, म्हणजे बंदूक मालकाचं ओळखपत्र, लागतं. कॅलिफोर्नियात सेफ्टी सर्टिफिकेट लागतं आणि पैसे भरल्यावरही १० दिवस थांबावं लागतं. टेक्सासमध्ये राहणाऱ्या चुलतभावाचा अनुभव न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये काडीचा उपयोगी नाही. बोली लावायच्या आधी आपल्या गावातल्या दुकानदाराला मॉडेल सांगून एकच प्रश्न विचारा: "ही माझ्या नावावर ट्रान्सफर होईल का?"

ऑनलाइन घेतली तरी ती दुकानातूनच घरी येते

अनेकांना वाटतं, ऑनलाइन म्हणजे खोकं थेट दारात. तसं नाही. १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याने बंदूक पाठवली, तर ती केंद्रीय परवाना असलेल्या दुकानदाराकडेच यावी लागते. या परवान्याला सगळे एफएफएल म्हणतात. दुकानात तुम्ही ओळखपत्र दाखवता, खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरता आणि दुकानदार एफबीआयच्या निक्स यंत्रणेकडून तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो. ही यंत्रणा १९९८पासून चालू आहे. काही राज्यांत ही तपासणी राज्याच्या यंत्रणेमार्फत होते. उत्तर बहुतेक वेळा काही मिनिटांत येतं, कधी अडकतंही. नाव आणि आडनाव सर्वसाधारण असेल तर अडकण्याची शक्यता थोडी जास्त. घाबरून जाऊ नका.

फॉर्मवर 'खरा खरेदीदार तुम्हीच आहात का' असा प्रश्न असतो. व्हिसावरच्या मित्रासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं हा गंभीर गुन्हा आहे, मित्र कितीही भला असला तरी.

प्रत्यक्ष खरेदीतही दुकानदाराकडून घेतली तर हेच सगळं. फरक पडतो तो खाजगी विक्रीत. एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खाजगी माणसांच्या व्यवहाराला केंद्रीय कायदा पार्श्वभूमी तपासणी सक्तीची करत नाही. अनेक राज्यं मात्र करतात. माझा आग्रह आहे की राज्याची सक्ती नसली तरी व्यवहार दुकानदाराच्या काउंटरवरच करा. फीचे थोडे डॉलर जातील, पण ती बंदूक कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद राहील. विकणारा याला नाही म्हणाला तर तिथून निघा.

प्रत्यक्ष बघताना

जागा तीन: स्थानिक दुकानाचा 'युज्ड' रॅक, पॉन शॉप (गहाणवटीचं दुकान) आणि गन शो (बंदुकांचं विक्री-प्रदर्शन). ओक्लाहोमातल्या टल्सासारख्या मोठ्या गन शोमध्ये हजारो टेबलं लागतात. एका दिवसात दहा ली-एनफिल्ड हाताळायला मिळाल्या तर त्यातून जे शिकाल ते वर्षभर फोटो बघूनही कळणार नाही. सोबत खिशात मावणारा छोटा टॉर्च आणि स्वच्छ फडकं न्या.

आधी परवानगी विचारा. मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडा आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) व मॅगझिन रिकामं आहे का ते डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी बघा. विकणाऱ्याने "रिकामी आहे" सांगितलं असलं तरी.

ली-एनफिल्डचा बोल्ट सहज बाहेर काढता येतो. काढायची परवानगी मागा. आता मागच्या बाजूने टॉर्च मारून नळीतून बघा. आतल्या वळणदार खाचा टोकापर्यंत धारदार दिसायला हव्यात. जुन्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या क्षारांमुळे, नंतर नळी नीट न धुतल्यास, आत गंज धरायचा. तो सुरीच्या पात्यावरच्या काळ्या ठिपक्यांसारखा दिसतो. नुसता काळसरपणा असेल तर तो अनेकदा साफसफाईने जातो. खड्डे जात नाहीत. पण सगळीकडे हलके खड्डे असूनही खाचा शाबूत असलेली रायफल व्यवस्थित नेम धरू शकते. याउलट चकचकीत नळीचं तोंड वर्षानुवर्षं सफाईच्या सळईने घासून लंबगोल झालं असेल तर गोळ्या पसरतात. म्हणून नळीच्या तोंडाची कड निरखून बघा. बघण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची जागा तीच.

त्यानंतर नंबर. ली-एनफिल्डमध्ये बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूला एक नंबर ठोकलेला असतो. तो रायफलीच्या मुख्य भागावरच्या नंबराशी जुळायला हवा. जुळत नसेल तर तो बोल्ट कधीतरी दुसऱ्या रायफलीतून आलेला आहे, आणि मग हेडस्पेसचा, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये बसलेलं काडतूस यांच्यातल्या मोकळ्या जागेचा, भरवसा राहत नाही. ही जागा जास्त झाली तर काडतुसाचं टरफल आत फाटू शकतं. नंबर न जुळणं म्हणजे रायफल टाकाऊ असं नाही. पण किंमत कमी व्हायला हवी आणि गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडून, गेज (मोजायचं माप) लावून तपासल्याशिवाय गोळी झाडायची नाही.

दस्त्याच्या गळ्याजवळच्या धातूच्या पट्टीवर उजवीकडे कारखान्याचं नाव, मॉडेल आणि वर्ष असतं. १९४७पूर्वीच्या इशापूरच्या .३०३ रायफलींवर मुकुट आणि जीआरआय अशी अक्षरं दिसतात, नंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह. हे वाचायला दोन मिनिटं थांबा. व्यवहाराला त्याची गरज आहेच, पण ते बघण्याचा आनंदही मोठा आहे. या शिक्क्यांच्या कडा पुसट आणि गोलसर असून वरचा रंग मात्र काळाभोर असेल, तर रायफल घासून पुन्हा रंगवली आहे. वापरायला हरकत नाही. 'मूळ स्थितीत' म्हणून जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका.

लाकडाला चिरा बघा, विशेषतः दस्ता जिथे धातूला भिडतो तिथे. पुढच्या लाकडातून आरपार गेलेला स्क्रू दिसला तर दचकू नका, ती इशापूरची मूळचीच मजबुती आहे. तांब्याची तार गुंडाळलेली रायफल मात्र ग्रेनेड फेकण्यासाठी तयार केलेली असते. 'डीपी' असा शिक्का असेल तर ती कवायतीसाठीची आहे, झाडण्यासाठी नाही. ती भिंतीवर शोभेल तेवढीच.

ऑनलाइन लिलावात उतरताना

१९९९मध्ये ईबेने बंदुकांची विक्री बंद केली आणि त्याच वर्षी सुरू झालेली गनब्रोकर ही साइट या बाजाराचं मुख्य ठिकाण बनली. तिचा खरा फायदा विविधतेचा. तुमच्या गावात पाच वर्षांत एखादी इशापूर येईल. इथे ती नेहमी सापडते.

किंमत ठरवायला चालू लिलाव बघू नका, संपलेले बघा. विक्रेते मागतात ती किंमत आणि खरोखर मोजली गेलेली किंमत यांत बरंच अंतर असतं. संपलेल्या लिलावांतले निदान दहा व्यवहार फोटोंसकट बघितले की आकडा आपोआप मनात बसतो.

मग विक्रेता. त्याच्याबद्दल आधीच्या ग्राहकांनी लिहिलेले शेरे वाचताना एकूण गुणांपेक्षा तक्रारी वाचा, आणि तक्रारीला त्याने काय उत्तर दिलं ते वाचा. त्याची परतीची अट शोधा. काही जण 'जशी आहे तशी' विकतात, काही जण मिळाल्यापासून तीन दिवसांत परत घेतात. पहिल्या काही खरेदींत परतीची सोय नसलेल्या लिलावाच्या वाटेला जाऊ नका.

फोटो कमी असतील तर मागा: नळीचा आतून, उजेड पाडून, नळीच्या तोंडाचा जवळून, बोल्टवरचा नंबर आणि मुख्य नंबर, दस्त्याचा गळा दोन्ही बाजूंनी, आयातदाराचा शिक्का. सरळ लिहून विचारा: "हेडस्पेस तपासलंय का? कोणत्या गेजने?" उत्तर साइटच्या संदेशांतूनच घ्या, म्हणजे पुरावा राहतो. 'मला यातलं फारसं कळत नाही, आजोबांची होती' असं उत्तर आलं तर माणूस प्रामाणिक असूही शकतो, पण नळी वाईट आहे असं धरूनच बोली ठरवा.

बोलीचा आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहा. शेवटच्या क्षणी बोली मारून जिंकायची युक्ती इथे चालत नाही, कारण शेवटच्या १५ मिनिटांत बोली आली की लिलाव पुढे सरकतो आणि सलग १५ मिनिटं कोणीच बोललं नाही तरच संपतो. त्या वाढत्या मिनिटांतच माणसाचा तोल जातो. जिंकलेली बोली बंधनकारक असते.

आणि आकडा ठरवताना वरचा खर्च धरा. समजा न्यू जर्सीत ४५० डॉलरला लिलाव जिंकलात. पाठवणी ४०, कार्डाचे ३ टक्के म्हणजे १५, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर ३०, दुकानदाराची ट्रान्सफर फी ४०. झाले ५७५. तीच रायफल गावातल्या दुकानात ५२५ला असेल तर करासकट ५६०च्या आत पडते, शिवाय नळी बघून. ट्रान्सफर फी दुकानागणिक बरीच बदलते, आणि काही दुकानदार बाहेरची बंदूक स्वीकारतच नाहीत. बोलीआधी फोन करा.

काउंटरवरची दहा मिनिटं

ऑनलाइन खरेदीत सगळ्यात मोलाचा क्षण हा, आणि बहुतेक जण तोच घाईत घालवतात. रायफल दुकानात आली की फॉर्म ४४७३ला हात लावायच्या आधी ती बघायला मागा. वर सांगितलेली सगळी तपासणी इथे करा: टॉर्च, नळीचं तोंड, नंबर, लाकूड. लिलावातले फोटो मोबाइलवर उघडून शेजारी ठेवा. एकदा ती तुमच्या नावावर झाली की बरेच विक्रेते परत घेत नाहीत, आणि एक गोळी झाडली तर कोणीच घेत नाही. काही खटकलं तर तिथेच फोटो काढा, विक्रेत्याला लिहा आणि दुकानदाराला सांगा की अजून ट्रान्सफर करू नका.

संग्राहकांसाठी एक वेगळी वाट आहे. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या बंदुकांसाठी 'क्युरिओ अँड रेलिक' परवाना मिळतो. तीन वर्षांचे ३० डॉलर. त्यावर अशी बंदूक दुसऱ्या राज्यातून थेट घरी मागवता येते, मात्र प्रत्येकीची नोंदवही ठेवावी लागते आणि आपलं राज्य याला किती मुभा देतं ते बघावं लागतं. वर्षाला एखादीच घेणार असाल तर याची गरज नाही.

घरी आणल्यावर

पहिल्यांदा रेंजवर जायच्या आधी गनस्मिथकडे नेऊन हेडस्पेस मोजून घ्या. २ए१मध्ये ७.६२ नाटो काडतूस वापरा, दुकानात .३०८ विंचेस्टर नावाने मिळणारं तशाच आकाराचं काडतूस सरसकट भरू नका, आधी गनस्मिथला विचारा. नंबर, वर्ष, पावती आणि चारही बाजूंचे फोटो एका ठिकाणी जपून ठेवा. चोरी झाली तर पोलिस पहिल्यांदा नंबरच विचारतात. घरात मुलं असोत वा नसोत, रायफल कुलुपात आणि काडतुसं वेगळ्या कुलुपात.

कायमचं परतायचा बेत असेल तर ही रायफल सोबत नेता येईल असं धरून चालू नका. भारतात .३०३ आणि ७.६२ ही दोन्ही प्रतिबंधित बोअर (नळीची मापं) आहेत, तेव्हा ती तिथेच विकायची तयारी ठेवा, आणि तेव्हाही काउंटरवरच.