शिक्षा म्हणजे शिक्षण की दंड? एका शब्दाचा माग कसा काढायचा

माझी आजी पहिल्यांदा भोपाळला आली तेव्हा एका सरकारी ऑफिससमोर थांबली, पाटी मोठ्यांदा वाचली, "शिक्षा विभाग", आणि मला विचारलं, "इथे कसली रे शिक्षा देतात लोकांना?" प्रश्न अगदी बरोबर होता. अक्षरं तीच, शब्द तोच, मग अर्थ नेमका फिरला कुठे? तेव्हापासून मला हा नाद लागला, आणि कुणीही घरबसल्या करू शकेल असं हे काम आहे.

शब्द हाताला लागला की लगेच मूळ शोधायला धावू नका, आधी त्याच्याबरोबर कुठली क्रियापदं येतात ते बघा. मराठीत शिक्षा करतात, ठोठावतात, भोगतात. हिंदीत शिक्षा घेतात, देतात, ग्रहण करतात आणि दंडाला सजा हा वेगळा शब्द आहे. बंगालीत पण शिक्षा म्हणजे शिक्षणच, दंडाला ते शास्ति म्हणतात. प्रत्येक भाषेतली दोन-दोन वाक्यं वहीत उतरवा, नुसत्या डिक्शनरीतल्या अर्थापेक्षा यातून जास्त कळतं.

मग नकाशा घ्या आणि पेन्सिलने भरत जा. गुजराती, मराठी, कन्नड, तेलुगू, मल्याळम : दंड. हिंदी, नेपाळी, बंगाली, ओडिया : शिक्षण. एवढं भरलं की लक्षात येतं की मराठी इथे हिंदीच्या नाही तर दक्षिणेच्या पंगतीत बसलीये! कन्नडमध्ये तर आपल्यासारखीच जोडी आहे, शिक्षे म्हणजे दंड आणि शिक्षण म्हणजे शिक्षण.

आता मूळ. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, शिक्ष् धातूचा अर्थ दिलाय 'विद्योपादाने', म्हणजे विद्या घेणं, आणि वेदांच्या अभ्यासाला जोडलेल्या सहा शास्त्रांमधलं, वेदांगांमधलं, शिक्षा म्हणजे उच्चारांचं शास्त्र. या दोन्हींत दंड नाही. हाच धातू प्राकृतातून झिजत झिजत आला तो आपला 'शिकणे', आणि संस्कृतातून अख्खा उचलला ती 'शिक्षा', म्हणजे एकाच घरातले दोघं मराठीत वेगवेगळ्या वाटांनी आले. मोल्सवर्थचा 1857 चा कोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत, तिथे 'शिकणे' आणि 'शिक्षा' दोन्ही उघडून शेजारी ठेवून वाचा.

इथे थांबू नका, समुद्र ओलांडा, कारण खरी मजा तिकडे आहे. थाई भाषेत हाच शब्द 'सुक्सा' झालाय, अर्थ अभ्यास, आणि त्यांच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावात चक्क 'शिक्षाधिकार' लपलाय. कंबोडियाच्या ख्मेरमध्येही अभ्यासच. पण इंडोनेशियात 'सिक्सा' म्हणजे यातना, छळ! 'सिक्सा नराका' म्हणजे नरकयातना, आणि हे मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळतं.

आता लगेच "म्हणजे दंडाचा अर्थ दक्षिणेतूनच तिकडे गेला असणार" असं ठोकून देऊ नका, ही चूक सगळेच करतात. एखाद्या लांबच्या भाषेत अर्थाने असंच वळण घेतलंय का ते तपासा. ग्रीकमध्ये 'पेदिया' म्हणजे शिक्षण आणि आजच्या ग्रीकमध्ये त्याच मुळाचं 'पेदेवो' म्हणजे छळणं, सतावणं. संस्कृतातल्या शिक्षेशी काही संबंध नसताना तिथेही तसंच झालं, म्हणजे शिकवणं, मग वळण लावणं, मग त्यासाठी दंड, ही वाट भाषा स्वतःहूनही चालतात. आपण नाही का म्हणत, "चांगला धडा शिकवला त्याला"?

आणि नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर जाऊ नका. शिक्का आणि शिक्षण जवळचे वाटतात पण शिक्का अरबी आहे, नाण्याचा ठसा.

पुढचा शब्द हवा असेल तर 'चेष्टा' घ्या. आपल्याकडे थट्टा, हिंदी-बंगालीत प्रयत्न. सुरुवात परत क्रियापदांपासूनच करा.