लग्नाचा केक सांगण्याआधी हे बघून घ्या

डिझाइन नंतर, आधी माणसं मोजा. १ किलो केक साधारण १० ते १२ जणांना पुरतो, पण रिसेप्शनला ४०० लोक येणार म्हणून ४० किलो सांगू नका हो, जेवणात गुलाबजाम आइस्क्रीम असतंच, घरचे आणि जवळचे ५०-६० जण धरले तर ५ किलो बास. फोटोत ३ मजली हवाय? खालचे दोन थर थर्माकोलचे डमी, वरचा खरा, बाकीचा साधा चौकोनी केक आत कापून वाढायचा, पैसे बरेच वाचतात.

आणि मे महिन्यात लॉनवर लग्न असेल तर व्हिप्ड क्रीम नकोच!! माझ्या ताईचा केक ७ ला आणून ठेवला, दोघं स्टेजवर ९ ला आले, तोवर वरचा थर कललेला आणि क्रीमचं गुलाब घसरत ट्रेवर. आईच्या डोळ्यात पाणी आलं. फॉन्डंट (साखरेचं, लाटून केकवर चढवतात ते आवरण) घ्या, महाग पडतं पण टिकतं, आणि केक कापायच्या अर्धा तास आधीच मागवा.

आजी-आजोबा खाणार असतील तर एगलेस. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी चव बघा, आणि डिलिव्हरी, स्टँडचं डिपॉझिट, टॉपर (केकवर खोचायची नावाची पाटी किंवा सजावट) सगळं धरून किती ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.