घाणा टाकताय? आधी शेंग वाजवून बघा

लाकडी घाणा टाकायचा म्हणून आठवड्याला दोन-तीन फोन येतात. मोटर किती एचपीची घ्यावी, परवाना कुठे काढावा, बाटली काचेची की प्लॅस्टिकची. यातलं बरंचसं तुम्हाला एव्हाना ठाऊक असेल, नसेल तर मशीनवाला सांगेल. मी पहिल्या हंगामात सहा क्विंटल भुईमुगाच्या शेंगा मातीमोल केल्या, त्याबद्दल सांगतो. तेव्हा मी आळस केला नव्हता. उलट अभ्यास करून केली होती ती चूक.

फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला सेमिनारसाठी मी ऑलिव्ह तेल घेतलं होतं. अमळनेरसारख्या गावातल्या पोराला ऑलिव्ह का सुचावं? आपल्याकडे १९४५ मध्ये वनस्पती तुपाची गिरणी निघाली आणि तिची पुढे विप्रो झाली, हे ऐकत आम्ही मोठे झालो. तेलात काहीतरी वेगळं करायचं डोक्यात होतं. मावसभावाने स्पेनहून एक बाटली आणली होती. चमचाभर तोंडात घेतलं तर आधी कच्च्या गवताचा वास, मग कडवट, आणि गिळल्यावर घशात असा ठसका की आजी पाणी घेऊन धावली. मला वाटलं खराब झालंय. नंतर कळलं, हा ठसका चांगल्या तेलाची खूण आहे. ऑलिओकँथल नावाच्या घटकामुळे तो लागतो.

ऑलिव्हचं तेल फळाच्या गरातून येतं. जांभळाच्या गरातून तेल निघालं असतं तर कसं, तसं समजा. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ऑक्टोबरपासून तोडणी चालते. फळ हिरव्याचं जांभळं व्हायला लागतं तेव्हा तोडलं तर तेल कमी पण झणझणीत. पार काळं होऊ दिलं तर तेल जास्त, चव मवाळ. झाडाखाली जाळी अंथरायची, दाताळ्याने फांद्या विंचरायच्या, नाहीतर खोड धरून गदागदा हलवणारं यंत्र लावायचं. फळं हवा खेळेल अशा क्रेटमध्ये भरायची, कारण ढीग लागला की आत ऊब धरते, गर आंबतो आणि तो वास तेलातून कधीच जात नाही. म्हणून नावाजलेले उत्पादक शक्यतो त्याच दिवशी, फार तर २४ तासांत गाळप उरकतात. फळ धुऊन बीसकट ठेचतात, लगदा अर्धा-पाऊण तास हळूहळू ढवळतात, २७ अंशांपुढे तापू देत नाहीत, आणि मग गरगर फिरणाऱ्या यंत्रातून तेल वेगळं होतं. त्याची आम्लता ०.८ टक्क्याच्या आत हवी, आणि निळ्या पेल्यातून चाखणाऱ्या परीक्षकांना एकही दोष सापडता कामा नये. तेव्हा कुठे त्याला एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणतात.

हे मला तोंडपाठ होतं आणि त्यानेच घात केला. ताजं ते उत्तम, तास मोजा, थांबू नका, एवढंच डोक्यात पक्कं बसलं. घाणा बसवला दसऱ्याच्या आसपास. परतीचा पाऊस नुकताच उघडला होता, शेतातून शेंग उपटून निघत होती. मी काढणीच्या तिसऱ्या दिवशी शेंगा उचलल्या. ‘शेतातून थेट घाण्यात’ अशी जाहिरातसुद्धा छापून टाकली होती.

पोती उतरवणाऱ्या हमालाने एक शेंग कानाजवळ हलवली आणि म्हणाला, “दादा, आजून वली शे. वाजत नही.” मी हसलो. डिग्री माझ्याकडे होती ना!

आता हे जरा सावकाश वाचा. ऑलिव्ह म्हणजे गर, शेंगदाणा म्हणजे बी. गर ठेवला की नासतो. बी मुळात ठेवण्यासाठीच बनलेलं असतं, फक्त ते वाळलेलं हवं. जमिनीतून निघालेल्या शेंगेत ओलावा ३५ ते ५० टक्के असतो. साठवायची तर तो ८-९ टक्क्यांवर यावा लागतो, आणि घाण्यात टाकायचा दाणा त्याहूनही कोरडा हवा. माझ्या दाण्यांचा लाटेभोवती, म्हणजे घाण्यातल्या लाकडी मुसळाभोवती, कणकेसारखा गोळा झाला. पेंड बसेना. तेल निघालं ते फेसाळ आणि गढूळ. सहा क्विंटल शेंगांतून शंभर लिटरसुद्धा भरलं नाही.

तुम्ही म्हणाल, घाण्यात तर पाणी शिंपडतातच. मलाही तेच वाटलं होतं. पण कारागीर तेल सुटावं म्हणून अंदाजाने शिंपडतो ते पाणी वेगळं, आणि दाण्यात मुरलेली ओल वेगळी. ओल्या दाण्याला बुरशी धरते. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते बहुतांश पेंडीत राहतं, पण थोडं तेलातही उतरतं. रिफायनरीत ते निघून जातं. आपण रिफाइन करत नाही, म्हणजे आपल्याकडे ते काढायची सोयच नाही. घाण्याचं तेल शुद्ध म्हणून विकणाऱ्याने हे विसरू नये. काळपट, सुरकुतलेला, बुरसट वासाचा दाणा हाताने निवडून फेका. ती पेंड जनावरालाही घालू नका.

त्या तेलाने आपली लायकी भरताच्या हंगामात दाखवली. शेजारच्या काकूंनी वांगी भाजून भरीत केलं, वरून माझं कच्चं तेल घातलं आणि वाटी तशीच परत पाठवली. मी बोट लावून चाटलं. खवट. पुढच्या पंधरा दिवसांत अडतीस बाटल्या परत आल्या.

घाबरून जाऊ नका, हे सुधारतं. दुसऱ्या वर्षी मी त्याच हमालाला सोबत घेऊन शेंगा घ्यायला गेलो. शेंग हलवली की खुळखुळली पाहिजे. दाणा दाबला की कटकन दोन फाका व्हाव्यात, चोळला की साल सुटावी. ओलावा मोजायचं यंत्र घ्याच, पण खळ्यावर निर्णय कानानेच होतो. तेल निघालं की चार-पाच दिवस स्टीलच्या टाकीत निवळू द्या, गाळ बसू द्या, मगच बाटल्या भरा. उन्हात बाटल्या मांडून फोटो काढायचा मोह आवरा.

ऑनलाइन दोन दिवसांचा कोर्स करून ‘घाणा उद्योजक’ होता येतं म्हणणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मीही एक केला होता. त्यात लोगोवर दीड तास आणि ओलाव्यावर एक स्लाइड होती. त्यापेक्षा एखाद्या जुन्या तेल्याच्या घाण्यावर महिनाभर पोती उचला. ते फारसं बोलणार नाहीत, शिव्या मात्र देतील. चालतं.

आणि २७ अंशांचं वेड तिथेच सोडा. मे महिन्यात सावलीत पारा ४४ वर जातो त्या जळगाव-धुळ्यात तुम्ही एसी लावून घाणा फिरवणार आहात का? आपला घाणा मिनिटाला बारा-पंधरा फेरे घेतो, तेल कोमट निघतं, तेवढं पुरतं. लेबलवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन शेंगदाणा तेल’ मात्र छापू नका. तो दर्जा ऑलिव्हचा आहे. माझी पाचशे लेबलं अजून माळ्यावर पडून आहेत.

यंदाच्या शेंगा गच्चीवर पसरल्या आहेत. आज नववा दिवस. सकाळी एक मूठ हलवून बघितली, निम्म्या वाजल्या, निम्म्या गप्पच. घाणा परवा बघू.