स्क्रॅपबुकची पानं ऑनलाइन टाकताय? आधी या चुका टाळा

श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवीचं विसर्जन झालं की माझा फोन वाजायला लागतो. जळगाव, अमळनेर, चोपडा, शिरपूर, कुठून ना कुठून कुणीतरी रोटांचे, आरतीचे, भाऊबंदांच्या पंगतीचे फोटो लावून डिजिटल स्क्रॅपबुकचं झकास पान केलेलं असतं. तक्रार दोनपैकी एक असते. एक तर "भाऊ, फाइल चढतच नाही", नाहीतर "चढली, पण फोटो फाटला". आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला तेच, लग्नसराईत तेच, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे फोटो आले की पुन्हा तेच. मी अल्बम डिझाइनचं काम करतो, म्हणून लोकांना वाटतं याच्याकडे एखादं गुपित बटण असेल. तसं काही नाही. चुका मात्र ठरलेल्या आहेत आणि त्याच त्या बघून आता कंटाळा आलाय.

आधी हिशेब बघा. स्क्रॅपबुकचं पान बहुतेक जण 12 बाय 12 इंच, 300 पिक्सेल प्रति इंच असं करतात. म्हणजे 3600 बाय 3600, एकूण 1 कोटी 29 लाख 60 हजार पिक्सेल. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले, तर कॉम्प्रेस न केलेलं एक सपाट पान साधारण 37 एमबीचं होतं. थर (लेयर) असलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची मूळ फाइल, त्याच्या कितीतरी पट. हा सगळा जामानिमा छपाईसाठी असतो. फोनच्या स्क्रीनची रुंदी 1080 पिक्सेलच्या आसपास, तिथे 3600 चं पान कुणाला दिसणार? तेच 1200 बाय 1200 केलं की पिक्सेल बरोबर नवव्या हिश्श्यावर येतात, आणि जेपीईजी (फोटो दाबून लहान करणारा फाइलचा प्रकार) 100 पैकी 80 च्या आसपासच्या क्वालिटीला काढली की फाइल बहुतेक वेळा 300 ते 500 केबीत बसते. रीत एवढीच आहे. पण एवढ्या सोप्या कामातही लोक घसरतात ते असे.

मूळ फाइलवरच कंट्रोल-एस

ही चुकांची राणी. बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

अमळनेरकडच्या एका ताईंनी वर्षभर मन लावून पानं केली होती. कानबाईची स्थापना, आखाजीचे झोके, शेतातली भरीत पार्टी, सासूबाईंची पंच्याहत्तरी. एकेक पान झालं की ग्रुपवर टाकायचं, म्हणून त्या फाइल उघडायच्या, 800 पिक्सेल करायच्या, कंट्रोल-एस दाबायच्या आणि बंद करायच्या. त्याआधी "फाइल हलकी होते" असं कुणीतरी सांगितल्यामुळे सगळे थर फ्लॅटनही, म्हणजे एकत्र सपाट करून टाकलेले. ग्रुपवर वाहवा झाली. दिवाळीत ठरलं की सासूबाईंना छापील अल्बम द्यायचा. ताई पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आल्या.

मी एक फाइल उघडली, 800 बाय 800. दुसरी, तीच गत. पार शेवटपर्यंत सगळ्या तशाच. 12 इंचाच्या पानावर 800 पिक्सेल पसरले की इंचाला 66 येतात. त्यात छापलेला चेहरा हातभर अंतरावरूनही फाटलेला दिसतो. ताई म्हणाल्या, "पण माझ्या लॅपटॉपवर तर चांगलं दिसतंय." दिसणारच, लॅपटॉपच्या स्क्रीनला तेवढं पुरतं. मूळ फोटो मागितले तर कळलं, फोनमधली जागा भरली म्हणून ते पुसले, आणि "पानं तर केलेलीच आहेत ना" असा विचार केला.

मग त्यांचा भाचा पुढे सरसावला. म्हणे एआयने मोठं करू. केलं. सासूबाईंच्या सुरकुत्यांना इस्त्री झाली, नथीचा मोती ओठात विरघळला आणि कानबाईच्या नारळावर काजळाने काढलेल्या डोळ्यांना पापण्या फुटल्या. बघताना सगळे हसले, पण ते पान काही छापण्यालायक नव्हतं. ज्या तपशिलाचे पिक्सेलच उरले नाहीत तो तपशील सॉफ्टवेअर अंदाजाने रंगवतं, आणि त्याने सासूबाईंना कधी पाहिलेलं नसतं.

शेवटी भाऊबंदांना फोन गेले. ज्यांनी ग्रुपवरून फोटो उतरवून ठेवले होते त्यांच्याकडून ते मागवले. व्हॉट्सॲपने साध्या पाठवणीत लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर आणलेली असते. 300 च्या हिशेबाने त्याची पाच इंचांपर्यंत बरी छपाई होते. म्हणून पूर्ण पानाचे फोटो सोडून दिले आणि चार-चार इंचांच्या चौकटी करून सगळी पानं नव्याने मांडली. अल्बम झाला, दिवाळी मात्र केव्हाच सरली होती.

माझी सवय सांगतो, कुणाला जुनाट वाटली तरी. कामाचे दोनच फोल्डर, "छापायचं" आणि "पाठवायचं". पाठवायच्या फाइलच्या नावात माप असतंच, "कानबाई 1200" असं. आणि माप बदलण्याच्या खिडकीला हात लावण्याआधी इमेज डुप्लिकेट करायची, मूळ खिडकी तिथल्या तिथे बंद करायची. समोर मूळ फाइल नसेल तर बिघडणार काय? गिंप या फुकट मिळणाऱ्या फोटो-प्रोग्राममध्ये सेव्ह आणि एक्स्पोर्ट वेगळे आहेत म्हणून तिथे धोका थोडा कमी, पण "ओव्हरराइट" म्हणून एक पर्याय त्यातही आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. नवीन शिकणाऱ्यांना ही दोन क्लिकची सवय फार जड जाते. पान करायला चार संध्याकाळी घालवतील, पण कॉपी करायला चार सेकंद नसतात.

"72 डीपीआय केलं, तरी फाइल तेवढीच!"

हा गैरसमज कुठल्या क्लासमध्ये वाटतात ते एकदा बघायचंय. "वेबसाठी 72 डीपीआय करा" हे वाक्य इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितलंय की त्यावर शंका घेणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात.

डीपीआय, किंवा नीट बोलायचं तर पिक्सेल प्रति इंच, ही फाइलमध्ये लिहून ठेवलेली एक सूचना आहे. छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे, एवढंच ती प्रिंटरला सांगते. फोन आणि ब्राउझर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, ते पिक्सेल मोजतात. 3600 बाय 3600 च्या फाइलवर 300 लिहा, 72 लिहा नाहीतर 7 लिहा, फाइल तेवढीच राहणार. बदलेल फक्त कागदावरचं माप.

मग काहींचं 72 केल्यावर खरंच कमी होतं ते का? फोटोशॉपच्या इमेज साइजच्या खिडकीत "रिसॅम्पल" नावाचा एक चौकोन असतो. त्यात टिक असेल आणि तुम्ही 12 इंच तसेच ठेवून 300 चे 72 केले, तर प्रोग्राम 12 गुणिले 72, म्हणजे 864 पिक्सेलचं पान बनवतो. फाइल हलकी झाली ती पिक्सेल घटले म्हणून, 72 या आकड्यात काही जादू नाही. टिक नसेल तर तोच माणूस तेच 72 टाकतो, काहीच होत नाही, आणि मला फोन करतो.

72 आला कुठून, तर 1984 सालच्या पहिल्या मॅकिंटॉशच्या स्क्रीनवर इंचाला 72 पिक्सेल होते. टाइपाच्या मापातही इंचाला 72 पॉइंट धरलेले, त्यामुळे स्क्रीनवरचं अक्षर आणि कागदावरचं अक्षर एका मापाचं दिसायचं. तो स्क्रीन कधीच भंगारात गेला, आकडा मात्र अजून क्लासमध्ये शिकवतात.

तेव्हा इंचांचा रकाना विसरा. एकक पिक्सेलवर आणा, रुंदीत 1200 टाका, रिसॅम्पलला टिक करा आणि खालच्या यादीतून लहान करण्यासाठीचा "बायक्युबिक शार्पर" निवडा. इन्स्टाग्रामसाठी 1080 पुरे. डीपीआयच्या रकान्यात जे असेल ते असू दे.

लाल रंग आणि चमकी

आपल्याकडची पानं लाल-पिवळी असणारच. लाल खण, झेंडूची माळ, हळद-कुंकू, आणि त्यावर लाल अक्षरात "कानबाई माता की जय". जेपीईजीला नेमकं हेच झेपत नाही. ती उजेड आणि रंग वेगवेगळे साठवते आणि जागा वाचवायला रंगाची माहिती बहुतेक वेळा आडवी-उभी निम्मी करते. डोळ्याला ते सहसा कळत नाही. पण पिवळ्यावर लाल अक्षर असलं की कडा फिसकटतात, कुंकू ओलं झाल्यावर पसरतं तशा. लोक मग क्वालिटी 100 ला नेतात, फाइल दोन-तीन पट फुगते आणि पुन्हा "चढत नाही". 100 वर काढणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. गिंपमध्ये एक्स्पोर्ट करताना प्रगत पर्यायांत "सबसॅम्पलिंग" दिसेल, तिथे 4:4:4 निवडा, म्हणजे रंगाची माहिती निम्मी होत नाही, आणि क्वालिटी 80 वरच ठेवा. कडा जागेवर राहतात.

चमकीचं दुखणं वेगळं. जेपीईजी 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे करून दाबते. सपाट कागद असला की तुकड्यात विशेष काही नसतं आणि तो पटकन दबतो. ग्लिटर, गोणपाटाचा पोत, जुन्या कागदाचे ठिपके यात प्रत्येक पिक्सेल वेगळा, मग दाबायचं काय? म्हणून एकाच मापाची, एकाच क्वालिटीची दोन पानं ठेवली तर चमकीचं पान दुप्पट-तिप्पट जड निघतं. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. चमकी कमी करा किंवा त्या एका पानाला 70 ची क्वालिटी द्या. चमकीत कुणाला फरक कळत नाही.

मजकूर वाचता येत नाही

300 च्या पानावर 8 पॉइंटचं अक्षर साधारण 33 पिक्सेलचं असतं. पान 1200 वर आलं की ते 11 वर येतं. इंग्रजी कसंबसं वाचता येतं, आपलं देवनागरी नाही. रफार जातो, अनुस्वार पुसला जातो, "दर्शन"चं "दशन" होतं. मजकूर मुळातच 14 पॉइंटच्या वर ठेवा. लांबलचक आठवण लिहायचीच असेल तर तेवढा भाग मूळ फाइलमधून कापून दुसरं चित्र म्हणून सोबत टाका. सगळं एकाच पानात कोंबायचा हट्ट कशाला?

बाकीच्या चुकांवर जास्त बोलण्यासारखं नाही. पानाचा स्क्रीनशॉट काढून टाकू नका, तो तुमच्या स्क्रीनच्या मापाचा येतो आणि वरची बॅटरीची पट्टीसुद्धा घेऊन येतो. पीएनजी हा प्रकार पारदर्शक तुकड्यांसाठी आहे, फोटोंनी भरलेलं पूर्ण पान पीएनजीत काढलं तर फाइल फुगणारच. फाइलच्या नावातलं "पीएनजी" खोडून "जेपीजी" लिहिल्याने फक्त नाव बदलतं. जेपीईजीची झिप केली तर जवळपास काहीच वाचत नाही, ती आधीच दाबलेली असते. तीच जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली तर दर वेळी थोडी झिजते, म्हणून दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करा आणि तिथून नवी काढा. फोनवर रंग मळकट दिसत असतील तर पान बहुधा अडोबी आरजीबी या रंग-प्रोफाइलमध्ये आहे, "कन्व्हर्ट टू प्रोफाइल" करून स्क्रीनसाठीच्या एसआरजीबीत आणा, "असाइन" करू नका.

भराभर दिसतील त्या "फोटो छोटा करा" साइटवर घरच्या लेकीबाळींचे फोटो चढवणाऱ्यांना मी फार दिवस सांगतोय. ती फाइल तिकडे कुणाच्या सर्व्हरवर पडते, तुम्हाला पत्ता नसतो. स्क्वूश नावाचं गुगलवाल्यांचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, फोटो तुमच्या मशीनवरच राहतो, आणि मधली रेघ सरकवून आधीचं-नंतरचं शेजारी शेजारी बघता येतं. ढीगभर पानं असतील तर विंडोजवर इरफानव्ह्यू उघडून "बी" दाबा, एका दमात सगळी निघतात. निकालाचा फोल्डर वेगळा दिलाय ना, ते मात्र बघा, नाहीतर वरची अमळनेरची गोष्ट पुन्हा घडेल. आणि पाठवायच्या फाइलमधून मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये लपून साठलेली माहिती, काढा. फोटोसोबत घराचं लोकेशनही जाऊ शकतं.

पान सजवायच्या तयार डिझाइनचं किट विकत घेतलं असेल तर त्याच्या अटी वाचा. बरेच डिझायनर फक्त लहान मापाचं, सपाट केलेलं पानच ऑनलाइन टाकू देतात. थरांसकट पीएसडी मैत्रिणींना वाटणं म्हणजे त्यांचं किट फुकट वाटणं.

आता छपाईची लॅब. इतकं सगळं ऐकून काही जण नेमकी 1200 चीच फाइल छापायला पाठवतात. छापायला "छापायचं" फोल्डरमधली 3600 ची फाइल द्यायची. जीमेलमध्ये 25 एमबीच्या वर फाइल जात नाही, म्हणून ड्राइव्हची लिंक द्या. व्हॉट्सॲपच लागत असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो फाइलला हात लावत नाही. कोणतं माप आणि कोणतं प्रोफाइल हवं ते लॅबवाल्याला आधी फोन करून विचारा, फक्त लग्नसराईत सकाळी करू नका, तेव्हा कुणी उचलत नाही.