कॉलेजच्या कपाटातल्या प्रवाळांची नावं बदलताना या चुका टाळा

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटाच्या खालच्या फळीवर पाच-सात प्रवाळं हमखास असतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना प्रवाळ हातात मिळतं ते याच कपाटातून, त्यामुळे चिठ्ठीवरचं चुकीचं नाव दरवर्षी नव्या जर्नलात उतरत राहतं. नावं दुरुस्त करायलाच हवीत, पण घाईत केलेल्या दुरुस्तीने गोंधळ आणखी वाढतो.

जुन्या नावावर डोळे मिटून नवं नाव चिकटवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. चिठ्ठीवर ‘मॅड्रेपोरा’ असतं, ते खोडून ‘ॲक्रोपोरा’ लिहिलं जातं. पुष्कळदा हे बरोबरही निघतं, कारण उथळ पाण्यातल्या फांद्यांच्या प्रवाळांना पूर्वी मॅड्रेपोरा म्हणत आणि आज ते नाव खोल समुद्रातल्या वेगळ्या वंशाकडे आहे. पण लिहिण्याआधी फांदीचं टोक बघा. टोकावर मधोमध एकच मोठी वाटी (वाटी म्हणजे एकेका प्रवाळ-प्राण्याची खोली) आणि बाजूंना लहान वाट्या असतील, तरच ॲक्रोपोरा.

‘फेविया’चं प्रकरण यापेक्षा अवघड आहे. २०१२च्या फेरवर्गीकरणात फेविया हे नाव अटलांटिकमधल्या प्रवाळांपुरतं राहिलं आणि हिंदी व प्रशांत महासागरातल्या प्रजाती डिप्सास्ट्रियात गेल्या. म्हणून नमुना कुठून आला हे आधी शोधा. सहलीत तमिळनाडूतलं मंडपम किंवा गुजरातमधलं ओखा इथून आणलेला असेल, तर तो फेविया असू शकत नाही. ‘मिअँड्रिना’ लिहिलेल्या मेंदूसारख्या गोळ्यालाही हाच नियम. मिअँड्रिना अटलांटिकची आहे. आपल्याकडचा तसा गोळा बहुधा प्लॅटिजायरा निघतो.

फंजियाची २०११मध्ये फोड झाली आणि तिच्यातल्या अनेक प्रजाती डॅनाफंजिया, लिथोफायलॉन, प्ल्युरॅक्टिस अशा वंशांत गेल्या. त्यामुळे ‘फंजिया’ एवढीच चिठ्ठी असेल तर सरळ बदली नाव मिळणारच नाही. नमुना उलटा करा आणि खालच्या बाजूचे काटे भिंगातून बघा. फंजिया फंगायटीसचे काटे गुळगुळीत आणि निमुळते असतात.

भिंत न बघता गोळ्याच्या आकारावर जाणं

गोल, जड, खळग्याखळग्यांचे दगड लांबून सारखेच दिसतात. फरक दिसतो तो दोन शेजारी वाट्यांच्या मधल्या भिंतीत. दहापट भिंग घ्या, खोलीत अंधार करा आणि टॉर्च अगदी आडवा धरा. समोरून उजेड टाकला की सावली पडत नाही, मग सगळं सपाट पांढरं दिसतं.

प्रत्येक वाटीला स्वतःचं कडं आणि दोन कड्यांच्या मध्ये खाच असेल तर डिप्सास्ट्रिया. दोन वाट्यांत एकच सामाईक भिंत असेल तर फेवायटीस किंवा गोनियास्ट्रिया. या दोघांत निवाडा करायला वाटीच्या तळाशी बघा. मधल्या खांबाभोवती बारीक उंचवट्यांचा स्पष्ट मुकुट गोनियास्ट्रियात दिसतो. वाट्या एकमेकींत मिसळून लांबच लांब नागमोडी खोरी झाली असतील तर प्लॅटिजायरा.

एकाच जागी बघून ठरवू नका. काही फेवायटीसमध्ये अधूनमधून खाच दिसते आणि तिथेच फसगत होते. कडेच्या वाट्या वाढत्या वयाच्या असतात, म्हणून मधल्या भागातल्या दहा पूर्ण वाट्या निवडा. व्हर्नियरने प्रत्येकीचा व्यास मोजा आणि लहानात लहान व मोठ्यात मोठा असे दोन्ही आकडे लिहा. नुसती सरासरी काही सांगत नाही. सेप्टा, म्हणजे वाटीतले उभे पडदे, मोजताना सुरुवातीच्या पडद्याशी टाचणी टेकवा. मधल्या खांबापर्यंत पोचणारे वेगळे मोजा, अर्ध्यात थांबणारे वेगळे.

फांद्यांच्या जाडीवरूनही प्रजात ठरवू नका. पोसिलोपोराची एकच प्रजात लाटांच्या माऱ्यात आखूड, जाड होते आणि शांत पाण्यात बारीक वाढते. तिच्या डॅमिकॉर्निस आणि अक्युटा या दोन प्रजातींची सरमिसळ यातूनच झाली. तिथे ‘पोसिलोपोरा, प्रजाती अनिश्चित’ लिहिणं हेच खरं शास्त्र.

ॲसिडने चकाकी आणणं

हे करूच नका. सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पातळ ॲसिडचा फेस येतो तेव्हा सेप्टाच्या कडेचे बारीक दाते विरघळतात, आणि आजचं वर्गीकरण त्या दात्यांवरही उभं आहे. धूळ मऊ ब्रशने काढा. डाग असतील तर एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी यात रात्रभर ठेवा, मग चार-पाच वेळा पाणी बदला. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने करा, नाहीतर वाट्यांत पांढरा थर बसतो. सावलीत वाळवा. वॉर्निश तर मुळीच लावू नका.

डीएनएवर भरवसा

प्राण्यांसाठी नेहमी वापरतात तो सीओआय जनुकाचा तुकडा प्रवाळांत फार सावकाश बदलतो, म्हणून जवळच्या प्रजाती त्यात सारख्याच दिसतात. शिवाय ब्लीचमध्ये धुतलेल्या जुन्या सांगाड्यात डीएनए उरण्याची आशा कमी. तो पैसा चांगल्या भिंगावर घाला.

प्रवाळ नसलेलं प्रवाळांत घालणं

लाल नळ्यांचा ट्युबिपोरा आणि मोडल्यावर आतून निळा दिसणारा हेलिओपोरा हे अष्टभुज (ऑक्टोकोरल) गटातले. वाट्यांऐवजी टाचणीच्या टोकाएवढी दोन मापांची छिद्रं असतील तर तो मिलेपोरा, तो हायड्रोझोआत, म्हणजे हायड्राच्या गटात, जातो. तिघेही खडक बांधायला हातभार लावतात, पण खऱ्या दगडी प्रवाळांच्या, म्हणजे स्क्लेरॅक्टिनियाच्या, फळीवर त्यांची जागा नाही. चंद्रपूरकडच्या पैनगंगा चुनखडीतला नक्षीदार दगडही ‘प्रवाळाचं जीवाश्म’ म्हणून ठेवू नका. ती चुनखडी कँब्रियनपूर्व काळातली आहे, आणि स्क्लेरॅक्टिनिया जीवाश्मांत दिसतात ते सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीपासून.

जुनी चिठ्ठी फेकून देणं

जुनी चिठ्ठी हाच त्या नमुन्याचा सातबारा. कितीही चुकीची असली तरी नव्या चिठ्ठीमागे जपून ठेवा. नव्या चिठ्ठीवर नाव, ठिकाण, कोणी ओळखलं आणि कोणत्या वर्षी, हे पेन्सिलीने लिहा. वंश बदलला असेल तर मूळ नामकर्ता कंसात जातो: डिप्सास्ट्रिया फेवस (फोर्स्काल, १७७५). वंश तोच राहिला तर कंस नाही. गोंद नमुन्याला लावू नका, त्यावर कसर येते. क्रमांक तळाशी लिहा आणि रजिस्टरात तोच नोंदवा.

तुलनेसाठी नवा तुकडा विकत मागवायचा विचार असेल तर थांबा. सगळे स्क्लेरॅक्टिनिया वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या अनुसूची १मध्ये आहेत. तुलना फोटोंवरून करा, आणि आपल्या नमुन्याचा फोटो घेताना चौकटीत मिलिमीटरची पट्टी ठेवा.